बॅटरी एकसष्ट टक्के होती

तलास, मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

काल माझा धाकटा भाऊ जुमाश याचा चाळिसावा दिवस झाला. आज सकाळी त्याचा मुलगा मिरलान याने कुटुंबाच्या मोबाइल-गटावर एक निवेदन टाकले. ते जसेच्या तसे उतरवतो; त्यातले आबा म्हणजे मी.

‘माझे वडील जुमाश शुक्रवारी, पंचवीस ऑक्टोबरला गेले. आबांना त्यांच्या आजाराचं एकवीस तारखेला कळलं आणि ते त्याच दिवशी तलासहून निघाले. नाक्यावर त्यांच्या फोनची बॅटरी संपली, म्हणून कागद दाखवता आले नाहीत. पण त्याआधी दोघा भावांचं फोनवर बोलणं झालं, दोघं एकमेकांवर राजी झाले आणि बाबा समाधानानं गेले. सुयुमकान आजीच्या, जन्म १९२७, दोन मुलांपैकी ते धाकटे.’

मिरलान सीमेपलीकडे, तराजमध्ये वाढला आणि कझाक शाळेत शिकला. ते लक्षात घेता भाषा चांगली आहे. तथ्ये मात्र चुकीची आहेत. बॅटरी संपली नव्हती. ती एकसष्ट टक्के होती. मला हे निश्चित ठाऊक आहे, कारण त्या वेळी त्या आकड्याखेरीज पडद्यावर दुसरीकडे कुठेही पाहणे मला जमत नव्हते.

मी एकेचाळीस वर्षे शाळेत किरगिझ भाषा आणि तिचे व्याकरण शिकवले. दुसऱ्याची चूक दिसली की लाल पेन्सिल हातात घेण्याची सवय या वयात सुटणारी नव्हे. म्हणून त्या दिवसांच्या नोंदी जुन्या वहीतून येथे उतरवून काढतो आणि अखेरीस तारखा दुरुस्त करून देतो. नोंदींतला एकही शब्द बदललेला नाही. जेथे आज बदलावासा वाटला, तेथेही नाही.

सोमवार, १२ ऑगस्ट

नात बेगाइम सुटीसाठी बिश्केकहून आली आहे. ती बँकेत नोकरी करते. गेले चार दिवस तिने माझी सर्व कागदपत्रे मोबाइलमध्ये चढवली: घराचा उतारा, निवृत्तिवेतनाचे पुस्तक, माझ्या जन्माच्या नोंदीचा दाखला. ओळखपत्र तर सरकारनेच मोबाइलमध्ये देऊ केले आहे. बोटाने पडदा सारला की माझे छायाचित्र, नाव आणि जन्मतारीख दिसते. छायाचित्र वाईट आहे. तारीख अचूक आहे.

तपकिरी चामड्याची कागदांची पिशवी मी १९७१ सालापासून सांभाळली आहे. ती मी बेगाइमच्या स्वाधीन केली.

‘घेऊन जा. या घरात उंदीर झाले आहेत. तुझ्या फ्लॅटच्या कपाटात कागद सुरक्षित राहतील.’

‘आजोबा, ओळखपत्राचं कार्ड तरी ठेवून घ्या. परदेशी जायचं झालं तर फोन चालत नाही हं.’

‘या वयात मला कोठे परदेशी जायचे आहे?’

‘सांगता येतं का! एखादी पॅरिसची म्हातारी पटली तर?’

‘तर ती शुद्ध बोलते की नाही, ते मी आधी पाहीन.’

ती इतकी हसली की चहा सांडला. पिशवी तिने आपल्या सामानात भरली.

गुरुवार, ५ सप्टेंबर

औषधाच्या दुकानात सातजण आपापल्या पिशव्या उचकत कार्ड शोधत होते. मी मोबाइल पुढे धरला आणि सर्वांच्या आधी मोकळा झालो. शेजारचा साबिर म्हणाला, ‘आगाय, तुम्ही तर मंत्र्यासारखे आलात न् गेलात.’ सगळे मला आगाय, म्हणजे गुरुजी, म्हणतात. त्यात नवल नाही. परंतु आज त्या शब्दात वेगळा आदर होता. मला तो आवडला, हे येथे मान्य करतो. सायंकाळी साबिरला त्याच्याही मोबाइलवर ओळखपत्र कसे घ्यावे ते शिकवले. तो मठ्ठ आहे.

शनिवार, १९ ऑक्टोबर

दुपारी मिरलानचा फोन आला. आठ वर्षांत या घरी तराजहून आलेला हा पहिला फोन.

‘आबा, बाबांचं काही खरं नाही. यकृत गेलंय. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं.’

‘जेवतो का?’

‘दोन घास. आबा, तुम्ही याल का?’

‘हे तो विचारतो आहे, की तू?’

तो ‘मी विचारतोय,’ म्हणाला.

‘विचार करून कळवतो.’

आठ वर्षांपूर्वीची हकीकत एकदा नीट लिहून ठेवतो. आमची आई सुयुमकान २०१५ साली वारली. पुढच्या वर्षी, जून २०१६ मध्ये, वर्षाचे जेवण घातले. दोनशे माणसे होती आणि घोडा कापला होता. जुमाशने तराजमध्ये काळा दगड घडवून घेतला होता. तो त्याने स्वतःच्या ट्रकमधून आणला आणि आईच्या कबरीवर बसवला. दगडावर तिचा चेहरा कोरलेला होता आणि खाली जन्मसाल होते: १९२८. आईच्या पासपोर्टावर १९२७ होते. मी उभा राहिलो आणि सर्वांसमक्ष म्हणालो, ‘या दगडावर चूक आहे.’ पासपोर्ट माझ्या खिशातच होता. तो मी दाखवला.

जुमाश मला बाइके, म्हणजे दादा, म्हणे. तो म्हणाला, ‘बाइके, आई स्वतः सांगायची, मी गोगलगायीच्या सालातली. सशाच्या नाही. सत्तावीस म्हणजे ससा.’ आमच्याकडे सालांना क्रमाने बारा प्राण्यांची नावे असतात; सशानंतर गोगलगाय येते.

‘आईला लिहिता-वाचता येत नव्हते.’

‘आपलं साल माहीत असायला लिहिता कशाला यायला हवं?’

माणसे हसली. मी हसलो नाही. पुढच्याच आठवड्यात गवंडी लावून मी आठाचा आकडा बुजवला आणि तेथे सात कोरवला. जुमाशला कोणीतरी कळवले. त्याचा एकच फोन आला. ‘मग तुम्हीच ठेवा ती आई, कागदातली,’ एवढे बोलून त्याने फोन ठेवला. त्यानंतर बोलणे नाही.

मी कागदाप्रमाणे वागलो. यात माझी चूक कोठे आहे, ते आजही मला दाखवता येत नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

गेलो नाही. आजारी माणसाला नको असताना त्याच्या दारात जाऊन उभे राहणे शिष्टाचाराला धरून नाही. त्याने स्वतः बोलवावे. दोन शब्दांचे काम आहे.

गल्लीत दिवसभर राजम्याची झोडणी चालली होती. धूळ खिडकीतून आत येते. वाचन झाले नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

सकाळी मोबाइलवर जुमाशचा आवाज आला. अकरा सेकंद. त्यांतली चार खोकण्यात गेली.

‘बाइके, मी जुमाश. रऊशान बोरसोक तळणार आहे. या.’

रऊशान ही त्याची बायको. बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, मला लहानपणापासून आवडतात, हे त्याच्या लक्षात राहिले. मी तो संदेश सात वेळा ऐकला. उच्चार तपासण्यासाठी नव्हे.

उद्या पहाटे निघतो. मोबाइल भिंतीला लावून ठेवला आहे. शंभर टक्के. सर्व कागद उघडतात की नाही ते पाहिले. उघडतात. माझे बोलणे मनाशी जुळवून ठेवले आहे. मरणाच्या वाटेवरचा माणूस ‘माझ्यावर राजी हो’ म्हणतो आणि समोरच्याने ‘राजी आहे, तूही राजी हो’ असे उत्तर द्यायचे असते. मग दोघांमध्ये काही उरत नाही. एवढे म्हणून त्याचा हात घट्ट धरायचा. दगडाचा विषय त्याने काढला तरच काढायचा.

बुधवार, २३ ऑक्टोबर

जे घडले ते क्रमाने लिहितो.

सव्वादहाला सीमेवरच्या नाक्यावर पोहोचलो. येथून तराज पाऊण तासाचे. तरुणपणी साखर आणण्यासाठी मी या रस्त्याने महिन्यातून दोनदा बसने जात असे. वाटेत बस फक्त कलिंगडांसाठी थांबे.

आपल्या बाजूच्या खिडकीत बसलेला अधिकारी मला पाहून उभा राहिला.

‘सलाम, आगाय! ओळखलंत का? केल्दिबेक. चौऱ्याण्णवची तुकडी.’

‘आठवते. तोंडी परीक्षेला दोनदा बसला होतास.’

‘तीनदा, आगाय.’

‘दोनदा.’

‘बरं, दोनदा. कार्ड द्या.’

मी मोबाइल दिला. त्याने पाहिला, हसला आणि परत केला. ‘हे नाही, आगाय. हातात धरायचं कार्ड.’

‘हे सरकारनेच दिलेले आहे. औषधाच्या दुकानात चालते. नोटरीकडे चालते.’

‘आपल्याकडे सगळीकडं चालतं. पण पलीकडचे लोक कार्ड यंत्रात घालून वाचतात. फोन कुठं घालणार? अन् कार्डाशिवाय मलाही तुम्हाला सोडता येत नाही.’

मी त्याला जन्माचा दाखला दाखवला, घराचा उतारा दाखवला, निवृत्तिवेतनाचे पुस्तक दाखवले. एकामागून एक पडदा सारत राहिलो. मागे राजम्याची पोती घेऊन एक बाई उभी होती. ती ओरडली, ‘अहो आजोबा, आटपा की! माझ्या राजम्याला इथंच मोड यायचे!’

‘केल्दिबेक,’ मी म्हणालो, ‘मी परदेशी चाललेलो नाही. भावाकडे चाललो आहे. तो आजारी आहे.’

त्याने मान खाली घातली. ‘आगाय, तराज परदेशच आहे. तेहेतीस वर्षं झाली.’

मला हे ठाऊक होते. मुलांना नकाशावर मीच ते शिकवले आहे. परंतु बेगाइमने ऑगस्टमध्ये ‘परदेशी’ हा शब्द उच्चारला, तेव्हा तराज माझ्या डोळ्यांपुढे आले नव्हते. समुद्र आला होता.

त्याने मला आपल्या खोलीत बसवले, चहा दिला. तेथून मी बेगाइमला फोन केला. ती रडू लागली. ‘मी म्हटलं होतं ना, आजोबा, कार्ड तरी ठेवा म्हणून!’ मी म्हणालो, ‘तू म्हटले होतेस. आता रडणे थांबव आणि पिशवी पाठव.’ आज रात्री तलासला येणाऱ्या टॅक्सीत शायलोबेक नावाच्या चालकाच्या हाती ती पिशवी देणार आहे. सकाळी पिशवी, दुपारी तराज. एक दिवसाचा प्रश्न.

मग मिरलानचा फोन आला, चित्रासह. आधी छत दिसले, मग उशी, मग जुमाश. त्याचा चेहरा आमच्या वडिलांसारखा झाला होता.

‘बाइके, कुठवर आलात?’

‘नाक्यावर आहे. ओळखपत्राची अडचण आहे. उद्या येतो.’

‘तुम्ही अन् कागदाची अडचण!’ तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. ‘नऊ वर्षांनी ऐकतोय तुमचा आवाज.’

‘आठ वर्षे, चार महिने.’

‘बघ, रऊशान. सांगितलं नव्हतं? आहेत तसेच आहेत.’ मग माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘बाइके, मी तुमच्यावर राजी आहे. दगडाचं, सगळ्याचं सोडलं मी. तुम्हीही माझ्यावर राजी व्हा.’

मी पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिले. एकसष्ट टक्के.

‘जुमाश,’ मी म्हणालो, ‘ही गोष्ट यंत्रात बोलायची नव्हे. समोर बसून, हात हातात घेऊन बोलायची असते. मी उद्या येतो. तेव्हा रीतसर बोलू.’

‘बरं,’ तो म्हणाला. ‘रीतसर.’ आणि थोड्या वेळाने, ‘आज बोलला असता तरी चाललं असतं, बाइके.’

मिरलानने फोन आपल्याकडे घेतला आणि मग बंद केला. केल्दिबेक माझ्याकडे पाठ करून किटली पुसत होता. किटली कोरडी होती.

‘आगाय, रेंज चांगली होती,’ तो म्हणाला.

‘रेंजचा प्रश्न नव्हता.’

‘नाही, म्हटलं, आवाज अगदी स्वच्छ येत होता.’

परतीच्या टॅक्सीत मनात एकच गोष्ट येत होती. आमच्या वडिलांशी आमचे काका राजीचे शब्द बोलले, तेव्हा दोघे एका गादीवर बसले होते. मी ते दारातून पाहिले आहे. ती गोष्ट अशीच करायची असते. मी बरोबरच सांगितले.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

सकाळी पिशवी आली नाही. नऊ वाजता चालकाला फोन लावला.

‘आगाय, ओतमोकच्या खिंडीत बर्फ पडलाय. पुढं एक ट्रक आडवा झालाय. तुमची पिशवी माझ्या मांडीवर आहे, लेकरासारखी.’

‘केव्हा सुटाल?’

‘ते बर्फाला विचारा. मला विचारलं तर मी आत्ता निघतो.’

दुपारी अंगणात येऊन खिंडीच्या दिशेने पाहिले. ढगांखेरीज काही दिसत नाही. एक वाजता मनात आले की जुमाशला फोन करावा आणि ते शब्द सांगून टाकावेत. मोबाइल हातात घेतलाही. परंतु काल एक सांगून आज दुसरे केले, तर माझ्या बोलण्याला अर्थ काय राहिला? शिवाय उद्या जाणारच आहे. मोबाइल पुन्हा भिंतीला लावला.

सायंकाळ. पावणेसातला मिरलानचा फोन. तो म्हणाला, ‘आबा, गेले.’

‘किती वाजता?’

‘सूर्य मावळायच्या सुमारास. पाच वाजून दहा मिनिटं.’

‘तुमच्या वेळेप्रमाणे की आमच्या?’

‘ते मला माहीत नाही, आबा,’ असे म्हणून तो रडू लागला. तसा लहानपणी तो माझ्या मांडीवर रडत असे.

या वर्षापासून त्यांची घड्याळे आमच्यापेक्षा एक तास मागे आहेत. आमचे सहा वाजून दहा मिनिटे. त्या वेळी मी काय करत होतो, ते आठवून पाहिले. चष्मा पुसत होतो.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

खिंड दुपारी मोकळी झाली. दोन वाजता शायलोबेकने पिशवी आणून दिली. दोन रात्री गाडीत बसून त्याचे डोळे सुजले होते. भाडे घेईना. ‘मयताच्या वाटेचं काय घ्यायचं, आगाय,’ म्हणाला, आणि त्याच गाडीत घालून मला नाक्यावर सोडले. त्याने वाटेत गाणे लावले नाही.

केल्दिबेकला बहुधा बेगाइमने कळवले होते. तो खिडकीतून बाहेर आला, रिवाजाप्रमाणे मला मिठी मारून मोठ्याने रडला आणि मग माझे कार्ड दोन्ही हातांनी घेतले. पलीकडच्या रांगेत मात्र थांबावे लागले. हाताला काम हवे म्हणून पिशवीतले कागद लावत होतो. त्यांत माझ्या जन्माच्या नोंदीचा दाखला निघाला, गावच्या सोव्हिएटने डिसेंबर १९४६ मध्ये दिलेला. हा कागद मी आयुष्यात पन्नास ठिकाणी दाखवला आहे. माझे नाव आणि माझी तारीख यांच्याखाली मी कधी वाचले नव्हते. खाली एक ओळ आहे. ‘आई: सुयुमकान. वय: अठरा पूर्ण.’

१९४६ मधून अठरा वजा केले. रांग पुढे सरकली. पुन्हा वजा केले. यंत्रासमोर उभा असतानाही तेच करत होतो, म्हणून शिपायाला माझे नाव दोनदा विचारावे लागले.

गोगलगायीचे साल.

तराजला घरी पोहोचलो तेव्हा त्यांच्या घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटे झाली होती. दारासमोर जोड्यांची रांग होती. पुरुष कबरस्तानातून परत येऊन हात धूत होते. मिरलानने मला पाहिले आणि त्याच्या हातातला तांब्या तसाच वाहत राहिला.

‘आबा, दोन तास थांबलो आम्ही. शुक्रवारची नमाज झाली, तरी थांबलो. आईच्या माहेरची माणसं म्हणाली, आता ठेवणं बरं नाही.’

‘त्यांनी योग्य केले.’

‘मी नाक्यावर फोन लावत होतो तुम्हाला.’

‘रांगेत होतो. ऐकू आला नाही.’

हे खरे आहे. मी वजाबाकी करत होतो.

‘तो कसा माणूस होता’ असे जमातीला विचारण्याचे काम माझे होते, कारण त्याच्या वडीलधाऱ्यांत आता मीच उरलो आहे. ते मिरलानने विचारले. ‘भला माणूस होता’ असे सगळे म्हणाले, असे मला सांगण्यात आले.

रऊशानने पुढ्यात बोरसोक ठेवले. ‘बुधवारीच तळले होते, बाइके, तुम्ही येणार म्हणून,’ ती म्हणाली. ‘त्यांना खाता येत नव्हतं, पण वास येऊ दे म्हणाले. दार उघडं ठेवायला लावलं.’ बोरसोक कडक झाले होते. मी चार खाल्ले.

शनिवार, २६ ऑक्टोबर

सकाळी नऊ वाजता, त्यांचे नऊ, मिरलानबरोबर कबरीवर गेलो. माती ओली आहे. दगड अजून नाही, एक फळी रोवली आहे. मी पश्चिमेकडे तोंड करून बसलो आणि म्हणालो, ‘जुमाश, मी राजी आहे. तूही राजी हो.’ आवाज स्वच्छ निघाला. हात कोठे ठेवावा, ते कळले नाही. फळीवर ठेवला.

परतताना मिरलान म्हणाला, ‘आबा, एक सांगू? रागवू नका.’

‘सांग.’

‘तुमचा फोन झाल्यावर बाबांनी परवा संध्याकाळी, म्हणजे अगदी शेवटी, विचारलं, बाइके म्हणाले का? मी म्हटलं, म्हणाले. तुम्ही खोकत होतात, बाबा, म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही.’

‘त्यावर तो काय म्हणाला?’

‘म्हणाले, रीतसर म्हणाले ना? मी म्हटलं, हो, अगदी रीतसर.’

‘आणि मग?’

‘मग काही नाही. डोळे मिटून पडून राहिले. चेहरा बरा दिसत होता.’

मी त्याला म्हणालो नाही की ते खोटे आहे. त्याने मला रागावू नका म्हटले होते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून चाललो, कारण रस्ता उतरणीचा होता.

मंगळवार, ३ डिसेंबर, पुढे चालू

नोंदी उतरवून झाल्या. दुपारी मिरलानच्या निवेदनाखाली मी माझ्या दुरुस्त्या लिहिल्या. क्रमांक घालून, पाच. बॅटरीची, तारखांची, आईच्या सालाची, आणि शेवटी राजीची. पाठवण्याच्या खुणेवर बोट ठेवण्याआधी सवयीप्रमाणे एकदा शेवटपर्यंत वाचले. गटात अठ्ठावीस माणसे आहेत. रऊशान आहे. मला जून २०१६ आठवला: खिशातला पासपोर्ट, उभी राहिलेली दोनशे माणसे, आणि दगडाशेजारी उभ्या असलेल्या जुमाशचा चेहरा. तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिले नव्हते. दगडाकडेच पाहत होतो.

सर्व पुसले. चौथी ओळ, आईच्या सालाची, पुसताना बोट दोनदा थांबले, परंतु पुसली. गटावर एवढेच लिहिले: ‘वाचले. भाषा शुद्ध आहे.’ मिरलानने लाल बदामाचे चित्र पाठवले.

चूक ती चूकच राहते, म्हणून येथे दुरुस्त करून ठेवतो. ही वही कोणाला दाखवायची नाही.

सुयुमकान, आमची आई: जन्म १९२८. १९२७ नव्हे. जून २०१६ मध्ये जुमाशने कोरवले होते तेच बरोबर होते. गवंड्याशी बोललो आहे; बर्फ वितळल्यावर, एप्रिलमध्ये, तो आकडा पूर्ववत करील.

केल्दिबेक तोंडी परीक्षेला बसला: मे १९९४, जून १९९४, ऑगस्ट १९९४. जुने हजेरीपुस्तक काढून पाहिले. तीनदा.

जुमाशच्या आजाराची बातमी मला मिळाली: १९ ऑक्टोबर. २१ नव्हे.

मी घरून निघालो: २३ ऑक्टोबर. २१ नव्हे, आणि १९ तर नव्हेच.

नाक्यावर मोबाइलची बॅटरी: २३ ऑक्टोबर, एकसष्ट टक्के.

जुमाशचा मृत्यू: गुरुवार, २४ ऑक्टोबर, त्यांच्या घड्याळाप्रमाणे पाच वाजून दहा मिनिटे. शुक्रवार नव्हे.

दफन: शुक्रवार, २५ ऑक्टोबर, दुपारी तीन. मी पोहोचलो त्याच दिवशी, तीन चाळीसला.

तो माझ्यावर राजी झाला: २३ ऑक्टोबर.

मी त्याच्यावर राजी झालो: २६ ऑक्टोबर, सकाळी नऊ, त्यांचे नऊ.